बॅलेचा सातबारा

मागच्या महिन्यात स्वान लेक या बॅलेचं रेकॉर्डिंग मोठ्या पडद्यावर दाखवणार होते म्हणून आम्ही चौघं गेलो, मी, बायको, भाची आणि आमचा बापू. बापू तीस वर्षं तबला वाजवतोय, त्यातली निम्मी कथकच्या साथीला. भाची ठाण्यात बॅलेच्या क्लासला जाते, वय चौदा, मतं पन्नाशीची. मध्यंतरात वडापाव खाता खाता दोघांची जुंपली. बापू म्हणाला की बाई, हे सगळं त्या चायकोव्स्कीचं आहे, बाकीचे नुसते त्याच्या सुरांवर हातपाय हलवतायत, डोळे मिटून ऐकलं तरी चालेल. भाची भडकली, म्हणाली बापूकाका डोळे मिटायचे होते तर तिकीट कशाला काढलंत, घरी रेडिओ लावायचा, हा बॅले तो बसवणाऱ्या पेतिपाचा आहे. दुसऱ्या अंकाची घंटा झाली तरी दोघं थांबेनात. घरी येऊन इकडे तिकडे वाचलं तर मोठमोठी माणसंसुद्धा हेच भांडण असंच भांडतायत, एक पार्टी कंपोझरची, एक कोरिओग्राफरची, आणि मधे एक समजूतदार पार्टी असते जी म्हणते अहो कला ही सगळ्यांचीच असते, भांडू नका.

माझं म्हणणं असं की तिघंही चुकतायत आणि त्यातल्या त्यात जास्त चुकतायत ते समजूतदार. क्लासिकल बॅले एकट्याचा नसतो हे शेंबड्या पोरालाही कळतं, पण "सगळ्यांचा" म्हटलं की मग कुणी काय केलं हे विचारायची गरजच उरत नाही, सगळे सारखे, सगळ्यांना हार, चला घरी. आज कुणाचं नाव मोठं आणि कुणाचं बारीक हे कामावरून ठरलेलंच नाहीये, ते ठरलंय कुणाचं काम कागदावर उतरलं यावरून. आपल्याकडे जमीन कसतो एक आणि सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचं, तसलंच आहे हे. कोण मोठा यावर भांडायचं सोडून आपण सातबारा तपासायला घेतला पाहिजे.

आधी बापूच्या बाजूने बोलतो कारण त्याचं म्हणणं हलकं नाहीये. संगीत नाचाशिवाय उभं राहतं. त्याच्याच नटक्रॅकर या बॅलेमधले तुकडे जगभर नुसते ऑर्केस्ट्रावर वाजतात आणि लोक पैसे देऊन ऐकतात, नाच मात्र संगीत बंद करून बघा, पाच मिनिटांत जांभया. शिवाय कंपनी बदलली की पावलं बदलतात, शेवट बदलतो, स्वान लेकमध्ये कुठे राजपुत्र आणि हंसिणी झालेली ओडेट बुडून मरतात तर कुठे सुखाने नांदतात, सूर मात्र बरेचसे तेच. मग जे टिकतं त्याच्यावर नाव लावायचं नाही तर कशावर? हा प्रश्न रास्त आहे. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलीये, की चायकोव्स्कीने आपल्या खोलीत बसून, खिडकीबाहेर बर्फ बघत, मनात आलं ते लिहिलं आणि मग नाचवाल्यांनी त्यावर पावलं टाकली.

तसं झालेलंच नाहीये. त्याच्याच स्लीपिंग ब्यूटी या बॅलेचं घ्या. १८८८ साली सेंट पीटर्सबर्गच्या सरकारी थिएटरांचा डायरेक्टर इव्हान व्सेव्होलोझ्स्की याने चायकोव्स्कीला पत्र लिहून हा विषय सुचवला. हा माणूस नुसता साहेब नव्हता, कथानकही त्याने रचलं आणि कपड्यांची चित्रंही स्वतः काढली. त्याच्याच कारकिर्दीत, १८८६ साली, थिएटरने पगारावर ठेवलेल्या बॅले-कंपोझरची पोस्ट रद्द झाली, ज्या पोस्टवर मिंकुस होता, आणि त्यामुळेच चायकोव्स्कीसारख्या बाहेरच्या, मोठ्या संगीतकाराला बोलवायची वाट मोकळी झाली. मग आला मारियुस पेतिपा, जन्माने फ्रेंच, पुढचा उभा जन्म रशियात घालवलेला बॅलेमास्तर, म्हणजे नाच बसवणारा. त्याने चायकोव्स्कीला जो कागद दिला तो बघून बापूची बोलती बंद झाली होती. इथे इतके बार, म्हणजे तालाची इतकी मापं, या तालात, या चालीत, असा तो कागद आहे. राजकन्येचं बोट टोचतं तो प्रसंग बघा, म्हातारी विणायच्या सुयांनी दोन-चारचा, म्हणजे एका बारमधे दोन मात्रांचा, ठेका धरते, तो हळूहळू तीन-चारच्या गोड वॉल्ट्झमध्ये जातो, मग एकदम थांब, बोट टोचलं, किंचाळी, रक्त, आणि इथे मला चार-चारचे आठ बार द्या. शेवटच्या अंकात नीलमपरी येते तर नीलमाला पाच पैलू, म्हणून तिला पाच-चारचा ताल हवा. नटक्रॅकरमध्ये ख्रिसमसचं झाड वाढत वाढत छताला जातं त्यासाठी त्याने अठ्ठेचाळीस बार मागितलेत, अद्भुत वाटेल असं, चढत जाणारं. आणि शुगरप्लम परीच्या नाचात कारंज्याचे थेंब पडल्यासारखं ऐकू यावं असंही सांगून ठेवलंय.

आता ते थेंब बघा काय झालं. चायकोव्स्कीने पॅरिसमध्ये चेलेस्टा नावाचं नवीनच निघालेलं वाद्य ऐकलं होतं, पेटीसारखा कीबोर्ड पण आत धातूच्या पट्ट्यांवर हातोड्या पडतात, आवाज काचेसारखा. त्याने आपल्या प्रकाशकाला कळवलं की ते वाद्य मागवा पण कुणाला बोलू नका, रिम्स्की-कोर्साकोव्ह आणि ग्लाझुनोव्ह या दुसऱ्या संगीतकारांना वास लागला तर माझ्याआधी तेच वापरतील. म्हणजे थेंब हवेत हे सांगणारा पेतिपा, थेंब कशातून पाडायचे हे शोधणारा चायकोव्स्की, आणि पुढे पेतिपा आजारी पडल्यावर त्या थेंबांवर नाच बसवणारा तिसराच, लेव्ह इव्हानोव्ह. १८९२ साली नटक्रॅकर रंगमंचावर आला. आता मला सांगा त्या अडीच मिनिटांचा मालक कोण?

बापू यावर म्हणाला की ठीक आहे, ऑर्डर दिली म्हणून शिंप्याचं कसब गिऱ्हाइकाचं होत नाही. बरोबर आहे, होत नाही. पण बापू, तू स्वतः साथ करतोस ना, तिहाई कुठून उठवायची हे नाचणारीच्या पायाकडे बघून ठरवतोस ना, ती सम चुकवून पुढच्या आवर्तनात आली तर तू कोलांटी मारून तिला सावरतोस, तेव्हा ती कोलांटी तुझी की तिची? अटी घातल्या म्हणून चायकोव्स्की लहान होत नाही, उलट मला तर वाटतं त्या अटींमुळेच स्लीपिंग ब्यूटीचं संगीत इतकं घट्ट झालंय. १८७७ च्या पहिल्या स्वान लेकमध्ये मॉस्कोच्या बोल्शोय थिएटरला नाच बसवणारा होता राइझिंगर, त्याची पेतिपासारखी पकड नव्हती, तेव्हा संगीत तेच मोठं होतं, पण प्रयोग जमला नाही. अगदी आपटला असं जे सांगतात ते वाढवून सांगतात, काही वर्षं चालला तो, पण १८८३ नंतर गुंडाळला गेला. नुसत्या सुरांनी बॅले उभा राहत असता तर तो तेव्हाच राहायला हवा होता.

आणि जे स्वान लेक आपण ऐकतो ते तरी चायकोव्स्कीने लिहिलेलं जसंच्या तसं आहे का? १८९३ च्या शेवटाला तो गेला. १८९५ च्या जानेवारीत पीटर्सबर्गच्या मारिन्स्की थिएटरला जो प्रयोग झाला, ज्याच्यावरून आजचे बहुतेक प्रयोग बेतलेत, त्यासाठी रिकार्डो द्रिगो नावाच्या इटालियन कंडक्टरने स्कोअर, म्हणजे लिहिलेलं संगीत, कापला, जोडला, मागचं पुढे केलं, आणि चायकोव्स्कीच्या पियानोसाठीच्या तीन छोट्या रचना ऑर्केस्ट्रासाठी लिहून आत घातल्या. राजपुत्राला फसवणाऱ्या काळ्या हंसिणीचा तो प्रसिद्ध जोडीचा नाच ज्या सुरांवर होतो ते मुळात पहिल्या अंकातले, तिसऱ्यात नेऊन बसवलेले. गोष्टीची डागडुजी केली संगीतकाराच्या भावाने, मोदेस्तने. द्रिगोचं नाव तुम्ही किती पोस्टरवर बघितलंत? मी तरी एकाही नाही.

आता भाचीकडे येऊ, कारण ती खूश होऊन ऐकत होती. तिची बाजूही कच्ची नाहीये. ती म्हणते, मामा, शंभर माणसं स्टेजवर असतात, कुणीतरी एकाने ठरवल्याशिवाय ते होऊच शकत नाही, कमिटी बसवून बॅले होतो का? नाही होत, मान्य. पेतिपा घरी बाहुल्या मांडून, बुद्धिबळातली प्यादी हलवावीत तशा हलवून रांगा ठरवायचा आणि मग तालमीला यायचा. तो हुकूमशहाच होता आणि त्याने तसं नसावं असं माझं म्हणणंही नाही. पण हुकूम सोडणं वेगळं आणि निर्माण करणं वेगळं, आणि आपण या दोन गोष्टींची कायम गल्लत करतो, ऑफिसात करतो तशीच. स्वान लेक म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? तळं, धुकं, पांढऱ्या पोरींच्या रांगा, हातात हात अडकवून माना एका झटक्यात वळवणाऱ्या चार छोट्या हंसिणी. यातलं जवळजवळ काहीही पेतिपाने बसवलेलं नाही. राजवाड्यातले प्रवेश त्याचे, तळ्याकाठचे दोन्ही इव्हानोव्हचे. चायकोव्स्की गेल्यावर त्याच्या स्मरणार्थ १८९४ साली नुसता तळ्याचा एक प्रवेश सादर केला गेला, तो इव्हानोव्हने बसवला आणि तो बघूनच पूर्ण बॅले पुन्हा करायचं बळ आलं. हा माणूस जन्मभर दुय्यम बॅलेमास्तर राहिला. म्हणतात की नुसतं ऐकून तो अख्खे तुकडे पियानोवर वाजवायचा, नोटेशन मात्र त्याला धड जमत नव्हतं. पन्नासेक वर्षं नोकरी केल्यावर म्हातारपणी थिएटरकडे पैशाच्या मदतीसाठी अर्ज करायची वेळ त्याच्यावर आली आणि १९०१ मध्ये तो गेला. कसणारा हा, आणि आमची भाची सातबारा पेतिपाच्या नावाने वाचते.

यात रशियाचं विशेष काही नाही. १८४१ साली पॅरिसला जिझेल आला, पोस्टरवर नाच बसवणारा म्हणून एकटा कोराली. जिझेलचे स्वतःचे नाच म्हणजे त्या बॅलेचं काळीज, ते जूल पेरोने बसवले होते, कार्लोता ग्रीसीसाठी, जी त्याची जोडीदार होती. हे तेव्हा पॅरिसमध्ये नाचातल्या सगळ्यांना माहीत होतं, कागदावर मात्र नव्हतं.

आणि नाचणाऱ्यांचं काय? त्यांना आपण सरळ मजूर समजतो, सांगितलेलं करणारे. १८७७ च्या मॉस्कोतला एक किस्सा मला फार आवडतो. आन्ना सोबेश्चान्स्काया ही बोल्शोयची बडी नर्तिका, तिला राइझिंगरने दिलेल्या नाचांनी समाधान होईना. बाई सरळ गाडी पकडून पीटर्सबर्गला गेली, पेतिपाकडून आपल्यासाठी नवा जोडीचा नाच बसवून घेतला, तोही मिंकुसच्या संगीतावर, आणि मॉस्कोत येऊन म्हणाली मी हा घालणार. चायकोव्स्की म्हणाला माझ्या बॅलेत दुसऱ्याचं संगीत चालणार नाही. बाई म्हणाली मी पावलं बदलणार नाही. झाली का पंचाईत? तेव्हा चायकोव्स्कीने काय केलं तर मिंकुसच्या तुकड्याच्या मापाने, बाराला बार जुळवून, स्वतःचं नवं संगीत लिहून दिलं, म्हणजे तिला पुन्हा तालीम करायला नको. पुढे ते संगीत हरवलं, १९५३ साली बोल्शोयच्या दप्तरात सापडलं आणि १९६० मध्ये न्यूयॉर्कला बॅलनशीनने त्यावर स्वतःचा नाच बसवला, तो आजही लोक टाळ्या देऊन बघतात, नावात चायकोव्स्की. ज्या पावलांसाठी हा सगळा खटाटोप झाला ती पावलं आज कुणालाच ठाऊक नाहीत आणि सोबेश्चान्स्कायाचं नाव आमच्या भाचीलासुद्धा माहीत नव्हतं. बाई हटून बसली नसती तर ते संगीत जन्मालाच आलं नसतं.

तशीच पिएरिना लेन्यानी. मिलानकडची. एकाच पायावर जागच्या जागी बत्तीस फुएते, म्हणजे गिरक्या, घ्यायची, दुसरा पाय चाबकासारखा फिरवत. १८९३ मध्ये सिंड्रेलात पीटर्सबर्गच्या लोकांनी ते बघून तोंडात बोटं घातली, मग १८९५ च्या स्वान लेकमध्ये काळ्या हंसिणीच्या शेवटी ते घातले गेले. आज कुठल्याही देशात त्या जागी प्रेक्षक मनात मोजतात, आमच्या शेजारी बसलेले आजोबा तर मोठ्याने मोजत होते, एकोणतीसला चुकले. कथेच्या दृष्टीने ते फुएते काय सांगतात? राजपुत्र गरगरला, एवढंच. पण ते काढून टाकायची कुणाची टाप नाही. एका बाईच्या पोटरीत जे होतं ते बॅलेच्या अंगात गेलं. कोरिओग्राफर म्हणून नाव पेतिपाचं.

आता कुणी म्हणेल की मग तुमचंही तेच झालं ना, सगळ्यांचा बॅले. नाही. मला असं म्हणायचंय की प्रत्येक तुकड्यामागे एक वेगळा व्यवहार आहे, कुणी अट घातली, कुणी ती पाळली, कुणी वाकवली, आणि हा व्यवहार मोजता येतो, सांगता येतो. तळ्याचा प्रवेश हा इव्हानोव्ह आणि चायकोव्स्कीचा, त्यात पेतिपाचा वाटा थोडा. गुलाब घेऊन चार राजपुत्रांपुढे राजकन्या एका पायावर तोल धरते तो पेतिपा, चायकोव्स्की आणि पहिली ऑरोरा, म्हणजे ती राजकन्या, झालेली कार्लोता ब्रियान्झा यांचा. फुएते लेन्यानीचे. सगळ्यांना सारखं म्हणणं म्हणजे पुन्हा इव्हानोव्हला गर्दीत ढकलणं. आणि कपडेवाला, सीनवाला यांचा वाटा रोज सारखा नसतो, काही बॅलेत ते नुसते सजवतात तर काहीत, जसं स्लीपिंग ब्यूटीत, साहेबाच्या डोक्यातली चौदाव्या लुईची फ्रान्स हीच मूळ कल्पना असते. त्याच्या रंगीत तालमीला झार आला होता, बघून म्हणाला "खूप छान", एवढंच. चायकोव्स्कीने डायरीत त्या दोन शब्दांपुढे उद्गारचिन्हांची रांग लावून ठेवलीये. इतक्या डोक्यांची मेहनत आणि मालकाचा अभिप्राय दोन शब्द, हे तर आपल्या ओळखीचंच आहे.

आता कागदाचं. संगीताला लिपी होती, शेकडो वर्षांची, छापखाने होते, प्रकाशक होते. नाचाला धड लिपी नव्हती. व्लादिमिर स्तेपानोव्ह नावाच्या नर्तकाने १८९२ साली संगीताच्या चिन्हांसारखी एक पद्धत काढली, तो लवकरच वारला, पण त्या पद्धतीने पीटर्सबर्गला पेतिपाचे बरेच बॅले उतरवून घेतले गेले. क्रांतीनंतर निकोलाय सेर्गेयेव्ह त्या वह्या घेऊन रशियाबाहेर पडला, आणि त्याच वह्यांवरून १९३४ मध्ये लंडनला स्वान लेक आणि १९३९ मध्ये स्लीपिंग ब्यूटी उभे राहिले. आज त्या वह्या हार्वर्डमध्ये आहेत. १९९९ साली मारिन्स्कीने आणि २०१५ मध्ये कोरिओग्राफर रात्मान्स्कीने स्लीपिंग ब्यूटी मूळ रूपात आणायचा प्रयत्न केला तोही त्याच उघडून. त्या वह्यांत बऱ्याच ठिकाणी पायांचं लिहिलंय आणि हातांचं लिहिलेलंच नाही. म्हणजे पावलं आली पण मान कशी, खांदा कुठे, नजर कुणाकडे, हे एका नर्तिकेने दुसरीच्या अंगात उतरवलं तेवढंच उरलं. ते उतरवणाऱ्या बायकांची नावं कोण छापणार?

याच्या उलट उदाहरण हवं असेल तर १९१३ चं पॅरिस बघा. हा क्लासिकल बॅले नाही, उलट त्याची मोडतोड आहे, पण मुद्दा तिथे लख्ख दिसतो. राइट ऑफ स्प्रिंग, संगीत स्ट्राव्हिन्स्की, नाच निजिन्स्की, सीन-कपडे रोरिक, जो कथानकातही होता, आणि सगळ्यांना एकत्र बांधणारा दियागिलेव्ह. पहिल्याच रात्री थिएटरात दंगा. त्या नाचाचे दहासुद्धा प्रयोग झाले नाहीत, मग तो विसरला गेला. संगीत मात्र आज विसाव्या शतकातलं सगळ्यात मोठं काम म्हणून शिकवतात. पुढे स्ट्राव्हिन्स्कीने आत्मचरित्रात लिहून टाकलं की निजिन्स्कीला संगीतातलं प्राथमिकसुद्धा कळत नव्हतं. निजिन्स्की तोवर कित्येक वर्षं मनोरुग्ण म्हणून आयुष्य काढत होता, तो काय उत्तर देणार. १९८७ मध्ये मिलिसेंट हॉडसन आणि केनेथ आर्चर यांनी चित्रं, आठवणी आणि निजिन्स्कीची मदतनीस मारी राम्बेर हिच्या स्कोअरवरच्या नोंदी गोळा करून तो नाच पुन्हा उभा केला तेव्हा लोकांना कळलं की पाय आत वळवलेली, जमिनीला धडका मारणारी ती उडी काय चीज होती. मग चौऱ्याहत्तर वर्षं त्या बॅलेचा एकच बाप होता, तो गुणांमुळे की छापील कागदामुळे?

आणि हे दूरचं वाटत असेल तर आपली लावणी घ्या. होनाजी बाळा असं आपण एका दमात म्हणतो, कित्येकांना तो एकच माणूस वाटतो. होनाजी शिलारखाने लिहायचा आणि बाळा करंजकर गायचा, दोन माणसं. निदान इथे गाणाऱ्याचं नाव लिहिणाऱ्याला चिकटून राहिलं, शाहिरी परंपरेचे उपकार. पण त्या लावण्यांवर जी पेशवाईत नाचली, जिने कुठल्या ओळीला पदर धरायचा आणि कुठल्या ओळीला पाठ फिरवायची हे ठरवलं, तिचं नाव सांगा. मला नाही सांगता येत. किंवा १९७२ चं घाशीराम घ्या, कुणाचं? लोक म्हणतात तेंडुलकरांचं. संहिता छापलेली आहे म्हणून. पण ते बघितलेल्या माणसाला विचारा काय आठवतं, तो ब्राह्मणांची डुलणारी रांग सांगेल, भास्कर चंदावरकरांचं संगीत सांगेल, फार तर जब्बार पटेलांचं नाव घेईल. ती रांग डुलायला शिकवली कृष्णदेव मुळगुंदांनी, हे नाटकवाल्यांना माहीत असतं, बाहेर किती जणांना? आणि तेंडुलकर यामुळे एक इंचही लहान होत नाहीत.

कायदासुद्धा कागदाचाच. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नाचाची रचना "नाट्यकृती" या व्याख्येत येते, पण अट अशी की ती लिहून किंवा अन्य प्रकारे पक्की केलेली असली पाहिजे. म्हणजे अंगातून अंगात गेलेलं ते कायद्याला दिसत नाही. कायद्याचीही अडचण समजू शकतो, कोर्टात काय नाचून दाखवणार? पण कायद्याची सोय ही आपली रसिकता का व्हावी? कोर्टाला पुरावा लागतो. आपल्याला डोळे आहेत.

शेवटचा आक्षेप बायकोचा, ती आतापर्यंत गप्प होती. म्हणाली, एवढी नावं पोस्टरवर घातली तर चित्राला जागा कुठे राहील, आणि लोकांना एक नाव लागतं, त्याशिवाय तिकीट खपत नाही. याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाहीये, खरं सांगतो. दुकानाला पाटी लागते. मानापमान लोक बालगंधर्वांचं म्हणून बघायला जायचे, शब्द खाडिलकरांचे आणि चाली गोविंदराव टेंब्यांच्या हे जाणणारे जाणत होते आणि कुणाचं फार बिघडलं नाही. पण तिथे निदान तिन्ही नावं कुठेतरी छापलेली होती. पोस्टरवर एक नाव टाका, मला चालेल, पण प्रयोगाआधी हातात जी चार पानं देतात त्यात तरी तळ्याचा प्रवेश कुणाचा, स्कोअर कुणी कापला, हे लिहा. त्या दिवशी आम्हाला जे पान मिळालं त्यात प्रायोजकांची सात नावं होती, लोगोसकट. इव्हानोव्ह नव्हता.

बापू आता थोडा नरमलाय, म्हणजे तो म्हणतो चायकोव्स्की अर्धा. भाचीचं काय झालं बघायला मी परवा ठाण्याला गेलो तर त्यांच्या क्लासच्या गॅदरिंगला चार छोट्या हंसिणींचा नाच आहे आणि ही त्यात दुसरी. मी विचारलं हा कुणी बसवला गं, ती म्हणाली आमच्या मिसनी. मग जीभ चावली आणि म्हणाली इव्हानोव्हनी, इव्हानोव्हनी. तिच्याकडे एक दोनशे पानी वही आहे, त्यात तिने स्वतःच्या खुणांनी सगळं उतरवलंय, बाण, आकडे, चार गोल म्हणजे चौघी, मान वळते तिथे टिंब. मिस मुद्दाम सांगतात की हात सोडून पळू नका, शेजारणीच्या बोटांतून लय कळते, तेही लिहिलंय, कोपऱ्यात, पेन्सिलने. वहीवर स्टिकर आहे, त्यावर नाव, इयत्ता, तुकडी. नाव अर्थात तिचं.